आमच्या कुत्रीला झटके का आले

सातार्‍याच्या एका सरकारी कार्यालयात मी टपालाची आवक-जावक बघते. रजेचे अर्ज माझ्याच टेबलावरून पुढे जातात, आणि प्रत्येक अर्जात 'कारण' नावाचा एक रकाना असतो. इतकी वर्षं तो रकाना वाचून माझं एक मत झालंय. खरं कारण बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी ते तिथे कुणी लिहीत नाही. जे लिहिल्याने आपली अडचण होणार नाही, ते कारण. आमच्या एका सहकार्‍याने एकाच आजीच्या तेराव्यासाठी दोनदा रजा मागितली आणि दोन्ही वेळा ती मंजूर झाली.

हे मत मी कार्यालयापुरतंच ठेवलं होतं. घरातली माणसं वेगळी असतील अशी एक वेडी आशा बाईला असतेच. ती आशा आमच्या कुत्रीने एका रविवारी सकाळी दोन तासांत मोडून काढली.

कुत्रीला नाव नाही. रंगाने तांबूस, म्हणून तांबडी. आमचं गाव सातार्‍यापासून एसटीने पाऊण तासावर, कृष्णेच्या काठचं. थोडा ऊस, गोठ्यात चार संकरित गाई, दूध दोन्ही वेळा डेअरीला. गाईंना विमा आहे, कानात बिल्ला आहे, उन्हाळ्यात पंखा आहे. तांबडीला यातलं काही नाही. ती दोन वर्षांपूर्वी आपण होऊन आली, गोठ्याच्या दाराशी बसली आणि कुणी हाकललं नाही म्हणून राहिली. साधारण मी या घरात राहिले तशीच, फक्त मला वाजतगाजत आणलं होतं.

तांबडी गाभण राहिली तेव्हा आनंद झाला तो एकट्या सासूबाईंना. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांचं माहेर माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे, मेंढरांचं घर. मेंढरं राखणार्‍या घरात कुत्र्याला माणसाच्या बरोबरीने भाकरी मिळते असं त्या सांगतात, आणि ज्या तर्‍हेने सांगतात त्यावरून सासरी सुनेला ती मिळत नसावी असं वाटतं. तांबडीला सात पिल्लं झाली. आत्यांनी तिचं साग्रसंगीत बाळंतपण मांडलं. गोठ्याला लागून कडब्याची खोली आहे, तिथे पोत्यांचं अंथरूण, वारा लागू नये म्हणून खिडकीला गोणपाट, बाजरीची पेज, गूळ घालून अळिवाची खीर. कानाला फडकं बांधायचं तेवढं राहिलं होतं. पाचवी पुजायला बसतील या भीतीने मी पाचव्या दिवशी मुद्दाम उशिराच्या एसटीने घरी आले.

आत्यांचं स्वतःचं मनगट गेल्या वर्षी गोठ्यात घसरून मोडलं होतं. प्लॅस्टर घालताना डॉक्टर म्हणाले, हाडांत काही राहिलेलं नाही, रोज एक कॅल्शियमची गोळी द्या, न चुकता. ते काम मी अंगावर घेतलं. सकाळच्या चहाच्या कपाशेजारी मी गोळी ठेवते आणि एसटी पकडायला पळते. पाकीट रिकामं झालेलं दिसलं की मला फार बरं वाटायचं. सासूची काळजी घेणारी सून म्हणून मी कार्यालयात दोन-चार जणींना हे सांगितलंही होतं.

तर त्या रविवारी धारा झाल्या, मालक डेअरीला दूध घालून परत आले, मी चहा ठेवला. नवर्‍याला मी मालक म्हणते, कारण ते स्वतःलाही तसंच समजतात. तेवढ्यात गोठ्याकडून आत्यांची हाक आली.

"अगं, हिकडं ये जरा. हिचं काय तरी बिघाडलंय."

तांबडी खोलीतून अंगणात आली होती आणि चारही पाय ताठ करून चालत होती, तापलेल्या फरशीवर चालावं तशी. जीभ बाहेर, धाप लागलेली, तोंडातून लाळेची तार. मांड्यांचं मांस कातडीखाली आपलं आपण उडत होतं. बघता बघता ती कलंडली. मान मागे ताणली गेली, पाय हवेत झाडू लागले, दातावर दात वाजू लागले. दोन-एक मिनिटांनी झटका ओसरला, पण थरथर थांबली नाही. आणि तिची सात पिल्लं धडपडत उंबर्‍याबाहेर येऊन पुन्हा तिच्या सडांना लुचायला लागली.

मी आत्यांना म्हणाले, हात लावू नका. त्या ऐकत असत्या तर मनगट मोडलंच नसतं. त्यांनी पोत्यासकट कुत्रीला ओढून खोलीत घेतलं, मागोमाग पिल्लं आत लोटली, आणि स्वतः उंबर्‍यात बसकण मारली.

मालकांनी लांबूनच एका नजरेत निदान केलं. "इख घातलंय हिला. बांधावर फोरेट टाकलं आसनार त्यांनी."

'त्यांनी' म्हणजे शेजारची चुलत भावकी. आमच्या आणि त्यांच्या उसाच्या मध्ये एक बांध आहे, आणि तो नांगरट झाली की कुणाच्या तरी बाजूला सरकतो. त्यामुळे मोटर जळाली तरी भावकी, ऊस लोळला तरी भावकी. तांबडी व्याल्यापासून वीस दिवस अंगणाबाहेर गेलेली नाही, बांधावरचं विष ती खाईल कशी, हे मी विचारून पाहिलं.

"मग आत यिऊन घातलं आसंल," मालक म्हणाले. चपला घालून ते भिंतीपाशी गेले आणि पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात कुत्रीची हकिकत सांगू लागले, कुत्रीशीच बोलल्यासारखे.

पलीकडून थोरली जाऊ आली. मालकांच्या चुलतभावाची बायको. आमच्याकडे भांडण असलं तरी आजारपण बघायला यायचं सोडत नाहीत. आजारपण बघणं हा इथे हक्क आहे. ती येताना एक फोडलेला कांदा आणि नवर्‍याची चप्पल घेऊन आली होती. फीट आलेल्या माणसाला हुंगवतात, कुत्रीला का नको, असं तिचं म्हणणं. चप्पल नाकाशी धरल्यावर आमच्या गावातलं कुठलंही धडधाकट कुत्रं ती तोंडात घेऊन पळालं असतं. तांबडीने मान वळवली नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

"आमुशा जवळ आलीया," जाऊ आत्यांना म्हणाली. "आन् तुमी हिची खीर उघड्यावर केली. सात पिल्लं म्हंजी नदर लागनारच की. कुनाची वंगाळ नदर आसती, काय सांगावं."

कुणाची ते तिने सांगितलं नाही, पण माझ्याकडे बघून घेतलं. मला पगार असल्यामुळे गावातल्या बर्‍याच गोष्टींना माझी नजर लागते.

मग सुभेदार आले. ते समोरच्या घरात राहतात. सैन्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, आणि तेव्हापासून गल्लीत एकही लढाई न झाल्याने ते थोडे नाराज असतात. त्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, आणि निवडणुका इतक्या लागतात की बंदुकीचा मुक्काम घरापेक्षा ठाण्यातच जास्त. नेमकी त्या महिन्यात ती घरी होती.

सुभेदारांनी फाटकातून तांबडीची लाळ पाहिली आणि दोन पावलं मागे घेतली. "पिसाळलीया," ते म्हणाले. "सगळ्यांनी पीछे हटा. पानी ठिवा तिच्याम्होरं."

पाण्याचं ताट ठेवलं. तांबडीचा जबडा आवळलेला होता, तिला पिता आलं नाही, नाकाने हुंगून तिने तोंड फिरवलं.

"बघितलं? पान्याला भ्याली. कन्फर्म."

सुभेदारांची मी चेष्टा करते, पण त्यांची भीती खोटी नव्हती. समोर गल्लीतली पोरं खेळत होती. पिसाळलेलं कुत्रं चावणं म्हणजे काय हे ज्याने ऐकलंय त्याने सावध राहायलाच हवं. मला राग आला तो त्यांच्या उत्साहाचा. घरी जाऊन ते बंदूक घेऊन आले, ती गंजीच्या कापडाने पुसली, आमच्याच अंगणात आमचीच खुर्ची सावलीत ओढून बसले, आणि मला म्हणाले, "वहिनी, बारा वाजेपतूर बघू. तवर आराम पडला न्हाई तर काम तमाम करावं लागंल. च्या आसंल तर आना."

मी चहा दिला. आपल्या कुत्रीला मारायला आलेल्या माणसाला चहा देण्याचा हा प्रसंग माझ्या आयुष्यात पहिलाच, पण हात सवयीने चालले. साखर जास्त झाली असं ते म्हणाले.

आत्या उंबर्‍यातून हलल्या नव्हत्या. त्यांनी सुपात हुलगे घेतले होते आणि खडे वेचत होत्या. त्यांच्या पाठीमागे तांबडी थरथरत होती, पुढे सुभेदार होते. गोळी घालायची तर आधी त्यांना उठवावं लागणार होतं, आणि गावात आत्यांना ऊठ म्हणणारा अजून जन्मला नाही.

"आवं सुभेदार," त्या एकदा म्हणाल्या, "ऊन आलं तिथं. जरा सरकून बसा."

साडेदहा वाजले होते. मी सातार्‍याच्या एका कुत्र्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. रविवारी दवाखाना बंद असतो, सोमवारी दहानंतर आणा, असं एका मुलीने गोड आवाजात सांगितलं. मग सांगलीला भावाला लावला. माझं माहेर सांगलीचं. भावाचं हळदीच्या पेठेत दुकान आहे आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्याचं उत्तर त्याच्या पोत्यांतूनच निघतं. आमच्या वडिलांचा मधुमेह, माझे केस, त्याच्या मुलाचा दहावीचा निकाल, सगळ्याला हळद. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"अंगात विष भिनलंय. हळद आणि तूप चाट म्हणावं. बाजारातली पुडी नको, मी पाठवलेली आहे ना ती."

"तिचा जबडा उघडत नाही, दादा."

"मग लेप लाव."

शेवटी मी मोबाइलवर शोधलं. तिथे कुत्र्याला झटके येण्याची कारणं एकाखाली एक होती: मेंदूचा विकार, मूत्रपिंड, यकृत, डोक्याला मार, रक्तातली साखर, विषबाधा, गोचिडाच्या औषधाचा जादा डोस, चॉकलेट. चॉकलेटपाशी मी थांबले. आमच्या घरात चॉकलेट आलं तर ते कुत्रीपर्यंत पोचण्याआधी मालक आहेत. अजून बरंच खाली वाचायचं होतं. पण गोचिडाचं औषध दिसलं आणि माझं वाचणं थांबलं, कारण गुरुवारीच मालकांनी गाईंवर गोचिडाचं औषध मारलं होतं आणि उरलेलं पंपातलं पाणी भिंतीवर झटकलं होतं. मला हवं असलेलं कारण सापडलं होतं. गुन्हेगार घरातच होता आणि मी त्याच्यावर बरेच दिवस डूख धरून होते.

"तुम्ही तिच्यावर औषध मारलंत," मी म्हणाले.

"शिंतुडं उडाल आस्त्याल चार."

"चार शिंतोड्यांनी ती मरायला टेकलीये."

"आन् गाई कशा न्हाई मेल्या मग?"

यावर अंगणात आमचं दहा मिनिटं भांडण झालं. त्यात गोचीड, माझी नोकरी, त्यांचा बांध आणि लग्नातल्या मानपानाचा एक जुना मुद्दाही आला. जाऊ चप्पल हातात धरून मन लावून ऐकत होती. भांडण रंगात असताना आतून पुन्हा दातांचा आवाज आला. तांबडीला दुसरा झटका आला होता, पहिल्यापेक्षा मोठा. भांडण तिथेच राहिलं. मला स्वतःची लाज वाटली. मीही रकानाच भरत होते.

सुभेदारांनी घड्याळ बघितलं.

मी मालकांना म्हणाले, तुमच्या गाईंच्या डॉक्टरांना बोलवा. हे डॉक्टर पंचक्रोशीतल्या गोठ्यांत मोटारसायकलवरून फिरतात. मालक म्हणाले, "त्यो मोठ्या जनावरांचा हाय. कुत्रीला येतोय व्हय? हसंल मला." त्यांना कुत्री मेलेली चालणार होती, डॉक्टर हसलेला चालणार नव्हता. मी त्यांच्या खिशातून फोन काढून घेतला, डॉक्टरांचा नंबर लावला, आणि आयुष्यातलं सर्वांत उपयोगी खोटं बोलले.

"डॉक्टर, गाय पडलीये."

पलीकडचा आवाज एकदम सावध झाला. "कधी व्याली?"

"वीस दिवस झाले."

"पडायच्या आधी पाय ताठ टाकत होती?"

"हो. ताठच. आणि सगळं अंग थरथरतंय. मांड्यांचं मांस उडतंय. मान मागं टाकलीये, लाळ गळतीये."

"कान गार लागतात का?"

मी आत्यांकडे बघून खुणेने विचारलं. त्यांनी मागे हात नेला. "चटका बसतोय," त्या म्हणाल्या.

"गरम आहेत."

"गरम?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. "दूध किती देते?"

"सात जणांना पुरतं," मी बोलून गेले, आणि घाईने म्हणाले, "घरातल्या."

"बरं. मिल्क फिवरच वाटतोय, वीस दिवसांनी जरा उशिरा आला. कॅल्शियम उतरलंय अंगातलं. बाटली घेऊन निघतो. तोवर वासरू सोडू नका, थेंबभर दूध काढू नका. आणि गारव्याला ठेवा."

फोन ठेवला आणि मी तिथेच उभी राहिले. गेले दोन तास आम्ही पाच शहाणी माणसं एका कुत्रीला का झटके येतात ते शोधत होतो. ती गाय आहे म्हटल्याबरोबर अर्ध्या मिनिटात उत्तर आलं होतं. पुस्तकात याला दुग्धज्वर म्हणतात, गोठ्यात मिल्क फिवर. आमच्या भागात शाळकरी पोरालाही तो ठाऊक असतो. गाय व्याली, पडली, थरथरली की माणसं देवालाही विचारत नाहीत, सरळ कॅल्शियमची बाटली लावतात. मालकांनी मागच्याच महिन्यात गोठ्यातल्या खिळ्याला बाटली टांगली होती. तो खिळा तांबडीपासून चार हातांवर होता.

मी त्यांना डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं.

"कुत्रीला कसला मिल्क फिवर?" मालक म्हणाले. "डेरीला घालतीया व्हय ती दूध?"

हे वाक्य मी तसंच्या तसं लिहून ठेवलंय. त्यात आमच्या तालुक्याचं सगळं पशुवैद्यक आहे.

मी खोलीत शिरले, पिल्लं एका टोपलीत भरली आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. खिडकीचं गोणपाट काढलं. बाळंतिणीला वारा लागतोय हे आत्यांना बघवत नव्हतं. ओल्या फडक्याने त्या तांबडीचे पाय पुसत राहिल्या.

डॉक्टर साडेअकराच्या सुमारास आले. बाटली, नळी, पेटी घेऊन गोठ्यात गेले. चारही गाई उभ्या राहून रवंथ करत होत्या. ते बाहेर आले, अंगणातली बंदूक बघितली, मग मला विचारलं, "गाय कुठंय?"

मी खोलीकडे बोट दाखवलं.

डॉक्टर बरंच बोलले. दोन गावांपलीकडे खरी गाय अडलेली असताना मी त्यांना कुत्रीसाठी फसवून बोलावलं, शिकलेल्या बाईने असं करावं, वगैरे. सगळं खरं होतं. मी एवढंच विचारलं, "कुत्री म्हणाले असते तर आला असता?" त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला आणि ते आत वाकले.

हातमोजे घातले, तांबडीच्या तोंडाला पट्टीने सैलसर बांधलं, ताप बघितला, सड बघितले. किती पिल्लं, कुठं चावली-भांडली होती का, विचारलं. सुभेदार म्हणाले, पाण्याला भ्याली. डॉक्टर म्हणाले, "पिसाळलेली नाहीच असं मी नुसतं बघून लिहून देणार नाही. पण औषध लागू पडलं तर तेच निदान. बंदूक तेवढी लांब ठेवा, मला शीर शोधायचीये." त्यांनी गाईच्या भल्या मोठ्या बाटलीतून सिरिंजमध्ये जरासंच औषध घेतलं, सलाइन मिसळलं, आणि पुढच्या पायाच्या शिरेतून फार सावकाश द्यायला लागले. एक हात सिरिंजवर, कान ठोक्यांवर. गाईला बाटली अशी देत नाहीत. हे घाईने दिलं तर हृदय थांबतं, ते म्हणाले. अंगणात कुणी हललं नाही. मालकसुद्धा जवळ येऊन उकिडवे बसले होते.

आधी मांड्यांचं मांस उडायचं थांबलं. मग श्वास उतरला. मग तांबडीने तिथेच पोत्यावर भरपूर मूत सोडलं, डोळे उघडले आणि मान उचलून पिल्लं शोधायला लागली. शेपटी एकदा जमिनीवर आपटली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

एवढं झाल्यावर सगळ्यांची निदानं भराभर सुधारली. मालक म्हणाले, "मला वाटलंच हुतं." सुभेदार बंदूक काखेत मारून म्हणाले, "म्हनूनच म्या बारा वाजेपतूर ऑब्जर्व्हेशनवर ठिवली." जाऊच्या मते कांद्याचा गुण यायला वेळ लागतो. भावाचा फोन आला. "लावलीस ना हळद? बघ."

डॉक्टर हात धूत होते. "पिल्लं आज दिवसभर लावू नका, वरचं दूध पाजा. उद्यापासून थोडी थोडी. आणि आता तिला रोज कॅल्शियम द्या." मग टॉवेल घेता घेता त्यांनी विचारलं, "गाभण असताना दिलं होतं का? गोळ्या वगैरे?"

"कुत्रीला कोन गोळ्या देतंय," मालक म्हणाले.

"तेच म्हणतो. गाभणपणी वरून कॅल्शियम मिळत राहिलं तर अंगाला हाडातलं काढून घ्यायची सवय राहत नाही. मग पिल्लं प्यायला लागली की एकदम उतरतं. हौशी लोक करतात, चांगलं म्हणून. त्यानेच झटके येतात."

आत्यांनी सूप उचललं आणि त्या उठून आत गेल्या.

मला कळायला वेळ लागला नाही. दुपारी भाकर्‍या झाल्यावर मी त्यांच्या कॉटवर जाऊन बसले. त्या गूळ-शेंगदाण्याचा डबा उगीच पुसत होत्या.

"आत्या, तिला तुमच्या गोळ्या किती दिवस देत होता?"

"गाभन हाय आसं कळल्यापासनं," त्या म्हणाल्या. "गुळाच्या खड्यात घालून. नुसती खात नव्हती." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "म्याच मारत हुते व्हय तिला?"

मी म्हणाले, नाही, सात पिल्लं होती, तसंही झालं असतं. झालं असतं की नाही मला माहीत नाही. मग माझा पारा चढला. तुमची हाडं ठिसूळ झालीत, डॉक्टरांनी न चुकता घ्यायला सांगितलंय, मी रोज आठवणीने ठेवते, असं मी बरंच सुनावलं. आत्यांनी ऐकून घेतलं. मग उजवा हात पुढे केला आणि पाचही बोटं टोकाशी जुळवून, अंगठा आत दाबून धरला, कासार बांगडी चढवताना हात आवळतो तसा.

"धाकट्या ल्योकाच्या वक्ताला माझी बोटं अशी वळायची. त्यो अंगावर पीत हुता तवा. भाकरी थापता थापता वळायची, पीठ तसंच र्‍हायाचं. तोंडाला मुंग्या यायच्या."

"मग?"

"मग काय. कुनी म्हनलं वारं हाय, कुनी म्हनलं भायेरचं हाय. चप्पल हुंगवली. सासू म्हनली, नाटकं करती कामाच्या वक्ताला."

"डॉक्टरला नाही दाखवलं?"

"आला हुता की डागदर," आत्या म्हणाल्या. "गाईला. पयली जरशी तवाच आल्याली, व्याली आन् पडली. सातार्‍यासनं डागदर बाटली घिऊन आला. ती वर धराया मलाच हुबी केली. माझी बोटं वळल्याली, बाटली सटकाय लागली, तर सासू वरडली, नीट धर, गाय मरंल."

"डॉक्टरने तुमचे हात बघितले नाहीत?"

"त्यो गाईचा डागदर," त्या म्हणाल्या, जणू मीच काही वेड्यासारखं विचारलं होतं. "आता तू गोळी ठिवायला लागलीस, तवा पाकिटावरचं कॅल्शियम वाचून दावलं गल्लीतल्या पोरानं. त्याच बाटलीतलं औशीद. म्हनलं, मला तवा कुनी दिलं न्हाई. हिला तरी मिळू दे."

 दिवसभर मी ज्यांना हसले त्यांच्यात आणि माझ्यात फार फरक नव्हता. रोज सकाळी मी गोळी कपाशेजारी ठेवत होते आणि एसटी पकडत होते. जावक झाली हे मी बघत होते, पोचली कुठे हे कधी बघितलं नाही.

मी उठून पाकीट आणलं, एक गोळी फोडून त्यांच्या हातावर ठेवली.

"ठिव तिथं. च्यासंगं घेते."

"आत्ता घ्या. मी बसलेय."

त्यांनी ती तोंडात टाकली, पाणी प्यायल्या आणि तोंड वाकडं केलं. "खडू हाय नुसता," त्या म्हणाल्या.

दुसर्‍या दिवशी मी घरूनच अर्जाचा फोटो पाठवून रजा टाकली, कारण सात पिल्लांना बाटलीने दूध पाजायचं होतं आणि मालक ते करणार नव्हते. कारणाच्या रकान्यात पहिल्यांदाच जे खरं होतं ते लिहिलं: कुत्रीला मिल्क फिवर. साहेबांनी तासाभरात अर्जाचा फोटो परत पाठवला, योग्य कारण नमूद करावे असा शेरा मारून. मी ते खोडून 'सासूबाई आजारी' असं लिहिलं. रजा लगेच मंजूर झाली. तेही खोटं नव्हतं. लिहायला फार उशीर झाला होता, एवढंच.